साथीत युरोपातली बंदरं बंद झाली तर यॉट आणि क्रू कसे न्यायचे: कागदांच्या फाइलपासून साइन ऑफपर्यंत

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे जेमतेम आठवडाभरात भूमध्य समुद्राचा उत्तर किनारा बंद झाला. ९ तारखेला इटलीने देशभर टाळेबंदी जाहीर केली, १४ला स्पेनने, १७ला फ्रान्समध्ये ती लागू झाली. त्याच आठवड्यात युरोपीय आयोगाने बाहेरच्या देशांतून होणारा अनावश्यक प्रवास थांबवायला सांगितलं. २२-२३ मार्चपासून भारतात आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं उतरणंही बंद झालं. यॉटवर काम करणारी आपली मुलं पाल्मा (स्पेन), ला सियोता (फ्रान्स), जेनोआ (इटली) इथल्या यार्डांत रिफिटवर, म्हणजे बोटीच्या मोठ्या दुरुस्तीवर, अडकली. काही कॅरिबियनमधून निघाली होती, ती अटलांटिकच्या मध्यावर असताना पुढचं बंदरच उरलं नाही. आणि काही जण रत्नागिरीत नाहीतर मुंबईत जॉइनिंगचं पत्र हातात घेऊन बसून राहिले.

त्या काळातली तात्पुरती परिपत्रकं आता रद्दीत गेली. पण ती ज्या मूळ कायद्यांवर उभी होती ते तसेच आहेत, आणि एक मोठी भरही पडली आहे. २०२० मध्ये युरोपीय संघाच्या परिषदेला प्रवासबंदीची फक्त शिफारस करता आली होती, म्हणून प्रत्येक देशाने आपापला हिशोब मांडला. २०२४ मध्ये शेंगेनच्या, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, सीमा संहितेत दुरुस्ती झाली आणि मोठ्या साथीत बाहेरच्या सीमांवर सगळ्यांना बंधनकारक निर्बंध लावण्याचा अधिकार परिषदेला मिळाला. माझा अंदाज असा की पुढच्या वेळी गोंधळ कमी असेल, पण नियम कडक असतील आणि गोड बोलून काम होण्याची शक्यता आणखी कमी.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. बंदराला एकच दरवाजा नसतो. तिथे तीन वेगळ्या खिडक्या असतात: आरोग्य, सीमा पोलीस आणि कस्टम्स. पहिली विचारते, बोट निरोगी आहे का? दुसरी विचारते, ही माणसं कोण आणि किती दिवस इथे? तिसरी विचारते, ही बोट कोणाची, कर भरलेली की तात्पुरती आलेली? आरोग्याने हिरवा कंदील दाखवला म्हणून पोलीस उतरू देतील असं नाही, आणि पोलिसांनी शिक्का मारला म्हणून कस्टम्सची मुदत थांबत नाही. साथीत अडकलेल्या बहुतेकांचा घोळ इथेच झाला: एका खिडकीवरच्या होकाराला त्यांनी तिन्हींचा होकार समजलं.

१. तुम्ही जहाज की पर्यटक, हे आधी ठरवा

यॉटची मूळ अडचण ही की ती अधांतरी असते. मालवाहू जहाजाला कोणी 'कशाला आलात' विचारत नाही. पर्यटकाला सरळ 'परत जा' म्हणता येतं. यॉट दोन्हीसारखी दिसते, आणि खिडकीमागच्या माणसाला घाई असली की तो तिला पर्यटकांत ढकलून मोकळा होतो.

३० जून २०२० च्या परिषदेच्या शिफारशीत ज्यांना प्रवासबंदीतून सूट होती त्या यादीत खलाशांचा, म्हणजे सीफेअरर्सचा, स्पष्ट उल्लेख होता. १ जुलैपासून ज्या देशांच्या सर्वसाधारण प्रवाशांना येता येणार होतं त्यांत भारत नव्हता. म्हणजे भारतीय पासपोर्टवर आत येण्याचा जवळपास एकच रस्ता होता: आपण खलाशी आहोत हे कागदावर सिद्ध करणं. 'यॉटवर काम करतो' एवढं पुरेसं नव्हतं.

यॉट व्यावसायिक म्हणून नोंदलेली असेल, म्हणजे चार्टरवर (भाड्याने) जाणारी, तर तिला सागरी कामगार करार, एमएलसी २००६, लागू होतो आणि तुमची बाजू भक्कम असते. मालकाची खासगी यॉट असेल तर तो करार साधारणपणे लागू होत नाही आणि बंदर तिला 'प्लेझर बोट' म्हणतं, मग तुम्ही पगारी इंजिनियर असलात तरी. त्यामुळे खासगी यॉटवरच्या माणसाने फाइल जास्त जाड ठेवायची. त्या फाइलमध्ये काय हवं:

- सही-शिक्क्यासह नोकरीचा करार. त्यात बोटीचं नाव, फ्लॅग (बोट ज्या देशात नोंदलेली तो देश), आयएमओ (जहाजाचा जागतिक ओळख क्रमांक) किंवा अधिकृत नोंदणी क्रमांक आणि तुमचं पद असलंच पाहिजे.
- भारतीयांसाठी सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक. ज्यांच्याकडे बायोमेट्रिक सीफेअरर ओळखपत्र आहे त्यांनी तेही ठेवा. भारताने आयएलओचं (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं) १८५ क्रमांकाचं कन्व्हेन्शन स्वीकारून हे कार्ड २०१९ पासून द्यायला सुरुवात केली. युरोपात जॉइन होताना ते व्हिसाची जागा घेत नाही, पण तुम्ही खलाशी आहात याचा सरकारी पुरावा म्हणून त्याचं वजन आहे.
- एसटीसीडब्ल्यूची, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मानकाची, प्रमाणपत्रं आणि चालू मुदतीचं मेडिकल.
- कॅप्टनच्या सहीची क्रू लिस्ट, तुमचं नाव त्यात असलेली. सीमा पोलिसांच्या लेखी हा सगळ्यात महत्त्वाचा कागद. क्रू लिस्टमध्ये नाव असलेला खलाशी बंदराच्या गावात उतरू शकतो, ही शेंगेन संहितेतली सोय याच कागदावर उभी आहे.
- मॅनेजमेंट कंपनीचं किंवा मालकाचं पत्र: कुठे जॉइन, कधी, क्वारंटाइन लागलं तर कुठे राहणार, खर्च कोणाचा, परतीचं तिकीट कोणाचं.

आता आपल्याकडची खास डोकेदुखी. पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं; सीडीसीवर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर; लसीच्या प्रमाणपत्रावर आधारमधलं नाव; करारात इंग्रज मॅनेजरने लिहिलेलं 'फर्स्ट नेम, लास्ट नेम'. एरवी हे चालून जातं. साथीत तपासणारा अधिकारी तुमच्या गावचा नसतो, त्याला चार कागदांवर चार माणसं दिसतात. घरी असतानाच सगळे कागद एका टेबलावर मांडा, नावं पासपोर्टबरहुकूम आहेत का ते बघा आणि जे बदलता येत नाही त्यासाठी मॅनेजमेंटच्या पत्रात 'ही सर्व एकाच व्यक्तीची नावं' असं एक वाक्य घालून घ्या.

२. निघण्याआधी बंदर लेखी विचारून घ्या, आणि दुसरंही

साथीत 'पोचल्यावर बघू' हे धोरण चालत नाही. बाहेरच्या देशातून येणारी बोट शेंगेनमध्ये फक्त ठरवलेल्या सीमा-बंदरात प्रवेश करू शकते. हे एरवीही खरं, पण साथीत त्या यादीतली बरीच बंदरं यॉटसाठी बंद होतात. स्थानिक एजंट घ्या. पैसे वाचवायची ही जागा नाही. त्याला ई-मेलवर विचारायचे प्रश्न असे: आमच्या फ्लॅगची, आमच्या आधीच्या बंदरातून आलेली यॉट आत येऊ शकते का? क्रू उतरू शकतो का? नुसतं डिझेल-पाणी-रेशन घेता येईल का? समुद्रात घालवलेले दिवस क्वारंटाइनमध्ये धरले जातात का? परवानगी कोणी दिली, हार्बर मास्टरने की आरोग्यखात्याने? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'सगळं ओके आहे' असं आलं तर पुन्हा विचारा.

उत्तराची तारीख बघा. त्या वसंतात नियम आठवड्यात दोनदा बदलत होते. कॅरिबियन ते अझोर्स (पोर्तुगालची अटलांटिकमधली बेटं) हे अंतर बोटीनुसार दोन-तीन आठवड्यांचं. निघताना मिळालेला होकार पोचेपर्यंत शिळा होऊ शकतो. म्हणून एक पर्यायी बंदर, शक्य तर दुसऱ्या देशातलं, आणि तिथपर्यंत पुरेल इतकं इंधन-पाणी. अझोर्समधल्या होर्ताचं उदाहरण आजही उपयोगी आहे. २०२० च्या वसंतात तिथे आलेल्या यॉटना बंदरात थांबू दिलं, रेशन आणि इंधन पोचवलं, पण क्रूला जमिनीवर पाय ठेवू दिला नाही. तीन आठवडे समुद्रावर काढून आलेला माणूस समोर गाव, कॉफीचं दुकान बघतोय आणि डेकवरून पिशवी वर ओढून घेतोय. ज्यांनी आधी विचारून ठेवलं होतं त्यांना यात धक्का नव्हता. त्यांची यादी तयार होती आणि ते पिशवी घेऊन पुढे निघाले.

कायद्याचं एक कलम कॅप्टनला पाठ हवं. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम २००५ चं कलम २८ सांगतं की सार्वजनिक आरोग्याच्या कारणावरून जहाजाला बंदरात यायला मनाई करू नये. ते बंदर तपासणी-उपचारांना सज्ज नसेल तर जवळच्या योग्य बंदरात जायला सांगता येतं. जहाजावर संसर्ग असला तरी इंधन, पाणी, अन्न आणि सामान देखरेखीखाली घेऊ द्यायला हवं. या नियमाला अपवाद आहेत आणि २०२० मध्ये देशांनी ते सढळ वापरले. तरीही हे कलम नम्रपणे, ई-मेलमध्ये, क्रमांकासह लिहिलं की निदान पाणी-डिझेलचा विषय मार्गी लागतो. रेडिओवर आवाज चढवून काहीच होत नाही.

किनाऱ्याजवळ अँकर टाकून थांबण्याचा मात्र हक्क नाही. दुसऱ्या देशाच्या सागरी हद्दीतून निरुपद्रवीपणे जाण्याचा हक्क सगळ्यांना आहे. थांबणं त्यात फक्त नेहमीच्या नौकानयनाचा भाग म्हणून, किंवा संकटात बसतं. 'नियम शिथिल होईपर्यंत या खाडीत राहतो' हे त्यात बसत नाही. तट रक्षकांना कळवून, परवानगी घेऊन थांबा.

३. पिवळा झेंडा आणि आरोग्याचं घोषणापत्र

क्यू झेंडा, म्हणजे अख्खा पिवळा, बघून अनेक नवे डेकहँड समजतात की बोटीवर रोगी आहे. संकेतावलीतला अर्थ बरोबर उलटा: 'माझी बोट निरोगी आहे, मला मुक्त प्रवेश द्या.' हद्दीत शिरताना तो उजव्या बाजूला चढवायचा आणि परवानगी मिळेपर्यंत उतरवायचा नाही. तोवर कोणी उतरत नाही, कोणी चढत नाही, कचऱ्याची पिशवीसुद्धा धक्क्यावर जात नाही. कागद घेऊन जायचे असतील तर फक्त कॅप्टन, तेही बोलावलं तरच.

खरा खेळ एमडीएचचा, म्हणजे सागरी आरोग्य घोषणापत्राचा. एरवी यॉटवर हा कागद एजंट 'सगळं नाही, नाही, नाही' करून भरतो आणि कॅप्टन न वाचता सही ठोकतो. साथीत तसं करू नका, कारण हे घोषणापत्र आहे आणि खोटं निघालं तर कॅप्टनच्या अंगाशी येतं. प्रश्न थोडेच आहेत: प्रवासात कोणाचा अपघाताशिवाय मृत्यू झाला का, संसर्गजन्य आजाराचा संशय आहे का, आजाऱ्यांची संख्या नेहमीपेक्षा जास्त होती का, आत्ता कोणी आजारी आहे का, डॉक्टरचा सल्ला घेतला का, बोटीवर विलगीकरण किंवा निर्जंतुकीकरण केलं का, चोरून चढलेलं कोणी सापडलं का, एखादा प्राणी आजारी आहे का. त्याखाली गेल्या ३० दिवसांतली बंदरं तारखांसह, आणि त्या काळात बोटीवर आलेल्यांची नावं.

बोटीवर डॉक्टर नसतोच, मग काय धरायचं आजारपण म्हणून? तेही तिथेच लिहिलेलं आहे. बरेच दिवस टिकणारा ताप. किंवा तापासोबत गळून जाणं, शुद्ध हरपणं, गाठी सुजणं, कावीळ, खोकला किंवा धाप, विचित्र रक्तस्राव, अर्धांगवायू. ताप असो-नसो, अचानक उठलेलं पुरळ, जोरदार उलट्या, जोरदार जुलाब, वारंवार झटके. उलट्यांमध्ये समुद्र लागल्याच्या उलट्या धरत नाहीत, हे नियमातच आहे. बिस्केच्या उपसागरात निम्मा क्रू रेलिंगला लटकला होता म्हणून घोषणापत्रात 'हो' लिहून बोट अडकवून घेऊ नका.

'नाही' म्हणायला पुरावा ठेवा. सकाळ-संध्याकाळ सगळ्यांचं तापमान, वेळ आणि मोजणाऱ्याची आद्याक्षरं, साध्या वहीत, पेनने. एक्सेल छान दिसतं, पण बोट पोचायच्या आदल्या रात्री बसून भरलं की कसं हे अधिकाऱ्याला कळत नाही. रोजच्या हाताची, डागाळलेली, एका पानावर कॉफीचा कप ठेवलेली वही त्याला पटते. शेवटचं बंदर कधी सोडलं, तिथे कोण धक्क्यावर गेलं, कोणाकडून सामान घेतलं, हेही त्याच वहीत. समुद्रातले दिवस क्वारंटाइनमध्ये धरायचे असतील तर ही वही आणि लॉगबुक, दोन्हींचं एकमेकांशी जुळणं, एवढंच तुमच्या हातात असतं.

घोषणापत्र पोचण्याआधी २४ तास तरी एजंटमार्फत पाठवा. लहान यॉटना एरवी असली आगाऊ सूचना द्यावी लागत नाही, म्हणून अनेकांच्या लक्षातच येत नाही.

जहाज स्वच्छता प्रमाणपत्राची तारीखही आत्ताच बघून घ्या. ते ६ महिनेच चालतं. बंदरात तपासणी शक्य नसेल तर एक महिन्याची वाढ मागता येते, पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही.

४. बोटीवर कोणी आजारी पडलंच तर

लपवू नका. लगेच रेडिओ-वैद्यकीय सल्ला घ्या. रोममधलं सीआयआरएम हे केंद्र १९३५ पासून कोणत्याही देशाच्या जहाजाला मोफत सल्ला देतं. फ्रान्सचं केंद्र तुलूझला आहे, स्पेनचं माद्रिदला. सल्ला घेतल्याची वेळ आणि डॉक्टरने काय सांगितलं ते वहीत. घोषणापत्रातल्या 'डॉक्टरचा सल्ला घेतला का' या प्रश्नाला तेच उत्तर.

यॉटवर विलगीकरण म्हणजे तारेवरची कसरत, कारण क्रूच्या केबिन दोघांच्या, बाथरूम एक, आणि हवा एकाच वातानुकूलन यंत्रणेतून फिरते. मालक बोटीवर नसेल तर पाहुण्यांची एक केबिन, शक्यतो शेवटची, त्यासाठी निघण्याआधीच राखून ठेवा आणि तिचं वातानुकूलन झडपेने वेगळं करता येतं का ते इंजिनियरकडून तपासून घ्या. मालकाच्या माणसाला हे आधी विचारून ठेवलेलं बरं. रात्री दोन वाजता तापाने फणफणलेल्या स्ट्युअर्डेसला पाहुण्यांच्या केबिनमध्ये ठेवायचं की नाही यावर ई-मेलची देवाणघेवाण करण्यात अर्थ नसतो.

एमएलसीमध्ये २०२२ साली झालेल्या आणि २३ डिसेंबर २०२४ पासून लागू असलेल्या दुरुस्त्यांनी, तातडीच्या उपचारांची गरज असलेल्या खलाशाला किनारी देशाने वेळेवर उतरवून घ्यायला हवं, हे स्पष्ट झालं. कोविडमध्ये उपचाराविना बोटीवरच राहिलेल्यांच्या अनुभवातून आलेली ही तरतूद आहे. एजंटला लिहिताना तिचा उल्लेख करा.

५. पासपोर्टवरचा शिक्का आणि ९०/१८० चा हिशोब

शेंगेनमध्ये कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, हे सगळ्यांना माहीत असतं. यॉटच्या क्रूला माहीत नसतं ते हे, की दिवस कधी मोजायचे थांबतात.

जुनी पद्धत अशी होती: विमानतळावर प्रवेशाचा शिक्का, बंदरात बोटीवर साइन ऑन झालात (क्रूमध्ये नोंद झाली) की निर्गमनाचा शिक्का, बोट महिनाभर त्याच यार्डात असली तरी. म्हणजे दिवस खर्च होत नव्हते. ५ फेब्रुवारी २०२० ला, टाळेबंदीच्या महिनाभर आधी, युरोपीय न्यायालयाने रॉटरडॅमच्या खलाशांच्या एका प्रकरणात ठरवलं की बोट दीर्घकाळ बंदरात उभी राहणार असेल तर निर्गमनाचा शिक्का साइन ऑनच्या वेळी मारायचा नाही. कॅप्टनने 'आता लवकरच निघतोय' असं कळवल्यावरच मारायचा. रिफिटच्या यॉटसाठी हा निकाल फार महागात पडणारा होता. ला सियोताला तीन महिन्यांची रिफिट म्हणजे तीन महिने तुमच्या ९० मधून वजा. आणि मग साथीत यार्ड बंद पडलं, तीनचे पाच महिने झाले, विमानं नाहीत.

त्यामुळे जॉइन होण्यापूर्वी विचारा: बोट पाण्यावर की यार्डात, आणि किती दिवस? यार्डचा काळ ९० दिवसांच्या आसपास असेल तर शॉर्ट-स्टे व्हिसावर जाऊ नका. त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळतो का ते मॅनेजमेंटला बघायला लावा. रोजचा हिशोब स्वतः ठेवा. ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटोची एंट्री-एक्झिट सिस्टीम आली आहे. शिक्का पुसट होता ही सबब आता विसरा.

दिवस संपत आले आणि बाहेर पडता येत नाही? मुदत संपण्याआधी, पुन्हा सांगतो, आधी, स्थानिक पोलीस किंवा प्रीफेक्चरकडे (फ्रान्समधलं जिल्हा प्रशासन) मुदतवाढीचा अर्ज करा. व्हिसा संहितेच्या कलम ३३ नुसार अपरिहार्य परिस्थितीत किंवा मानवतेच्या कारणाने वाढ द्यायलाच लागते, आणि ती मोफत असते. गंभीर वैयक्तिक कारण सांगितलंत तर ३० युरो लागतात आणि ती द्यायची की नाही हे त्यांच्या मर्जीवर. म्हणून अर्जात कारण नीट लिहा: रद्द झालेल्या विमानाचा ई-मेल, बंदर बंद असल्याची नोटीस, भारताने विमानं थांबवल्याचा आदेश, सगळं जोडा. कार्यालयच बंद असेल तर ई-मेलने अर्ज करा, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. दोन वर्षांनी पुढच्या व्हिसाच्या वेळी 'जास्त दिवस का राहिलात' असं विचारतील तेव्हा ती पावतीच कामाला येईल.

६. बोटीची मुदत

क्रूने या तिसऱ्या, कस्टम्सच्या खिडकीकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल, कॅप्टनने नाही. युरोपीय संघाबाहेरच्या मालकाची, बाहेरच्या फ्लॅगची खासगी यॉट व्हॅट न भरता १८ महिने राहू शकते. मग तुर्कस्तान, मॉन्टेनेग्रो, ट्युनिशिया असं कुठेतरी जाऊन यायचं की घड्याळ नव्याने सुरू. बंदरं बंद असली की ते 'जाऊन येणं' होत नाही आणि मोठ्या यॉटवर व्हॅटची रक्कम छातीत धडकी भरवणारी असते. संघाच्या सीमाशुल्क संहितेत अपवादात्मक परिस्थितीत मुदतवाढीची सोय आहे, कलम २५१ मध्ये. ती मुदत संपण्याआधी लेखी मागायची. चार्टरच्या बोटींचं गणित निराळं आहे, ते मॅनेजमेंटच्या कर सल्लागारावर सोडा.

७. भारतातून माणूस आणायचा

२०२१ चा एप्रिल ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. आपल्याकडे दुसरी लाट उसळली आणि काही दिवसांत इटली, नेदरलँड्स, जर्मनी, ब्रिटन यांनी भारतातून येणाऱ्यांवर बंदी किंवा कडक निर्बंध आणले. व्हिसा हातात, करार हातात, आणि विमानच नाही. त्यातून क्रू बदलाची रीत शिकण्यासारखी आहे.

जॉइनिंगचं बंदर विमानावरून ठरवा, बोटीवरून नव्हे. थेट विमान असलेला देश आणि जॉइन होण्याचा देश एकच असेल तर ट्रान्झिटचा प्रश्न मिटतो. बहुतेक माणसं मधल्या विमानतळावर अडकली, शेवटच्या नाही. बोट दोन दिवस बाजूला नेणं हे माणूस दोहा किंवा फ्रँकफर्टमध्ये अडकण्यापेक्षा स्वस्त पडतं.

चाचणीचे तास नीट वाचा. साधारणपणे ७२ तासांच्या आतली आरटीपीसीआर मागत. पण तास कुठून मोजायचे, नमुना दिल्यापासून की रिपोर्टपासून? आणि कुठपर्यंत, विमान सुटेपर्यंत की उतरेपर्यंत? मालवणचा मुलगा गावात नमुना देतो, रिपोर्टची वाट बघतो, रात्रीच्या गाडीने मुंबई गाठतो, विमानतळावर पाच तास, पुढे ट्रान्झिट. ७२ तास हां हां म्हणता जातात. अशा मुलाला दोन दिवस आधी मुंबईत बोलवा, नमुना तिथेच घ्या आणि राहण्याचा खर्च कंपनीकडून घ्या.

लसीचाही धडा घ्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड आणि युरोपातली अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस मुळात एकच. तरी १ जुलै २०२१ ला युरोपचं डिजिटल कोविड प्रमाणपत्र सुरू झालं तेव्हा कोव्हिशील्ड त्यात आपोआप धरली गेली नाही, कारण युरोपीय औषध संस्थेची मान्यता ठरावीक कारखान्यांना होती आणि त्यांत सीरमचा कारखाना नव्हता. मग जर्मनी, स्पेन, ग्रीस यांनी आपापल्या पातळीवर ती मान्य केली, फ्रान्सने जुलैच्या मध्यानंतर. कोव्हॅक्सिनवाल्यांना जागतिक आरोग्य संघटनेची मंजुरीच नोव्हेंबरपर्यंत मिळाली नव्हती. म्हणजे प्रश्न 'लस घेतली का' इतका साधा नसतो. कोणत्या देशाने, कोणत्या नावाने मान्य केलेली, हा असतो. लस निवडता येत असेल तर ज्या देशात जॉइन व्हायचंय त्याची यादी आधी बघा. आपल्या सरकारने जून २०२१ मध्ये नोकरी-शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांना कोव्हिशील्डचा दुसरा डोस ८४ ऐवजी २८ दिवसांनंतर घेण्याची सोय केली आणि प्रमाणपत्र पासपोर्टशी जोडू दिलं. अशा सोयी येतात, पण शोधणाऱ्यालाच सापडतात.

साथीत बनावट जॉइनिंग पत्रांचा सुळसुळाट होतो. एजंटाकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना, आहे का, हे डीजी शिपिंगच्या (भारताच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर स्वतः तपासा. 'यॉटला परवाना लागत नाही' म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा.

८. अडकलात तर

२०२० च्या अखेरीस जगभरात सुमारे ४ लाख खलाशी करार संपूनही जहाजावर अडकले होते. १ डिसेंबर २०२० ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने खलाशांना 'की वर्कर', म्हणजे अत्यावश्यक कामगार, माना असा ठराव केला. ठरावाने कोणी घरी पोचत नाही, पण पत्रव्यवहारात तो शब्द वापरायला मोकळे व्हा.

व्यावसायिक यॉटवर एमएलसीची ढाल आहे. बोटीवर सलग सेवा बारा महिन्यांच्या आत, घरी पाठवण्याचा खर्च मालकाचा, आणि मालकाने वाऱ्यावर सोडलं तर विम्याच्या हमीतून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, जेवण आणि परतीचा प्रवास. मालक परतीचा खर्च देत नाही, बोटीवर जेवण-पाण्याची सोय ठेवत नाही किंवा दोन महिने पगार नाही, यातलं एक जरी असलं तरी 'सोडून दिलेले' ठरता. हमीचं प्रमाणपत्र बोटीवर लावलेलं असतं; विमा कंपनीचं नाव आणि फोन त्यावरच असतो, त्याचा आजच फोटो काढून घ्या. मग क्रमाने: कॅप्टन, मॅनेजमेंट, फ्लॅग देशाचं प्रशासन, बंदर देशाची तपासणी यंत्रणा, आयटीएफचा (वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा) निरीक्षक. भारतीय दूतावास आणि डीजी शिपिंगला एकाच वेळी कळवा, एकाची वाट बघत दुसऱ्याला थांबवू नका. मे २०२० मध्ये परदेशात अडकलेल्यांना परत आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेची विमानं सुरू झाली तेव्हा दूतावासाकडे नाव नोंदवलेल्यांनाच त्यांत जागा मिळू शकत होती. बोलायला माणूस हवा असेल तर आयस्वॅन या खलाशांच्या कल्याणासाठीच्या संस्थेची 'यॉट क्रू हेल्प' ही चोवीस तासांची हेल्पलाइन आहे, ती याच कामासाठी.

खासगी यॉटवर मात्र तुमचा करार हाच तुमचा कायदा. म्हणून सही करण्याआधी त्यात चार गोष्टी लिहून घ्या. साथीमुळे परतीचा प्रवास लांबला तर तोवर पूर्ण पगार. क्वारंटाइनचा, चाचण्यांचा आणि व्हिसा मुदतवाढीचा खर्च मालकाचा. परतीचं तिकीट भारतातल्या घराजवळच्या विमानतळापर्यंत, नुसतं 'निघालेल्या बंदरापर्यंत' नाही. आणि आजारपणात उपचारांचा विमा, साथीचे आजार वगळलेले नसलेला. हे शेवटचं पॉलिसीच्या मजकुरात डोळ्यांनी वाचून घ्या. मॅनेजर म्हणेल, 'अहो, ते आम्ही करतोच, लिहायची गरज नाही.' तर मग म्हणा, 'करताच आहात तर हेच ई-मेलवर कळवा,' आणि तो ई-मेल आला की त्याची प्रिंट काढून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा.